मोतीबाईंच्या पानावरचा निळा शब्द

मोतीबाई अहिरे यांचा पहिला स्मृतिदिन मोरिवलीच्या समाजमंदिरात अगदी सुरळीत पार पडला असता. त्रिशरण पंचशील झालं होतं, बौद्धाचार्यांनी गाथा म्हटल्या होत्या, जेवणाची पातेली मागच्या पडवीत झाकून ठेवली होती, आणि एरवी माइक सोडायला तयार नसणाऱ्या वक्त्यांनीही त्या दिवशी मोठा संयम दाखवला होता. मग प्रमोद उबाळेने माउस हातात घेतला.

अंबरनाथच्या एका क्लासवाल्याकडून त्याने प्रोजेक्टर मागून आणला होता. भिंतीवर पांढरी चादर ताणली होती, लॅपटॉपला मित्राचं डेटा कार्ड खोचलं होतं. मोतीबाईंवर त्याने स्वतः लिहिलेला लेख इंटरनेटवर होता आणि तो आज सगळ्यांना मोठ्या अक्षरांत दिसणार होता. मोरिवलीतलं माणूस इंटरनेटवर गेलं, ही काही लहान गोष्ट नव्हती. २००८ साली मोरिवलीतले निम्मे लोक अजून इंटरनेट म्हणजे रेल्वेचं रिझर्वेशन समजत होते.

लेख चादरीवर आला. प्रमोदने घसा साफ करून वाचायला सुरुवात केली. चौथ्या ओळीपाशी पहिल्या रांगेतल्या शंकरकाकांनी हात वर केला.

"पम्या, तो 'जुगार' एकटाच निळा का रे?"

खरंच, सगळा लेख काळा आणि तेवढा एक शब्द निळा होता, वर त्याच्याखाली रेघ. प्रमोदने तो असा केलेला नव्हता. पण उत्तर द्यायची वेळ त्याच्यावर आली नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "मानाचा असंल. बाईंनी जुगार बंद केला ना." लोकांनी माना डोलावल्या. मोरिवलीत निळ्या रंगाला कारण लागत नाही.

शहाणा माणूस इथे "हो" म्हणून पुढची ओळ वाचायला लागला असता. प्रमोद म्हणाला, "बघू या की," आणि त्या शब्दावर क्लिक केलं.

ते डेटा कार्ड एरवी एक पान उघडायला चहा पिऊन यायची सवड देत असे. त्या दिवशी ते सुसाट निघालं. चादरीवर हिरवं टेबल उघडलं. त्यावर पत्ते, रंगीत टिकल्यांच्या थप्प्या, आणि टेबलावर वाकून डोळा मारणारी, कपड्यांची फारशी चिंता न करणारी एक गोरी बाई. खाली इंग्रजी अक्षरं लुकलुकत होती : या, पहिला डाव फुकट. स्पीकरमधून नाणी ओतल्याचा आवाज आला. चादरीच्या बाजूला, टेबलावर, हार घातलेला मोतीबाईंचा फोटो होता. ज्या बाईने मोरिवलीतली मटक्याची पेढी उठवली, तिच्या शेजारी ती गोरी बाई दर दोन सेकंदांनी डोळा मारत होती.

पोरं हसली. मोठ्या माणसांपैकी कोणी हसलं नाही, आणि तेच वाईट होतं. प्रमोद ती खिडकी बंद करायला गेला तर दोन उघडल्या, दोन बंद केल्या तर चार. शेवटी त्याची आई शालन उठली आणि तिने भिंतीतला प्लगच उपटला.

मोतीबाईंची मुलगी नीलिमा पुढे आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स. गोंधळ झाला की आवाज खाली आणायची तिला सवय. "चला, जेवायला बसा सगळे," एवढंच ती म्हणाली. पंगतीत तिने स्वतः वाढलं. प्रमोदच्या पत्रावळीवरही भाजी वाढली, आणि वाढता वाढता, वर न बघता म्हणाली, "माझ्या आईचं पान तिथून काढ. आजच्या आज."

प्रमोद "हो ताई" म्हणाला. संध्याकाळी तो सायबर कॅफेत जाऊन बसला, ब्लॉगचा पासवर्ड टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा. स्वतःच्या घराला दुसऱ्याचं कुलूप असल्यागत तो त्या पडद्याकडे बघत राहिला.

हे कुलूप लागलं कसं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

प्रमोद नगरपालिकेच्या शाळेत शिकला, पुढे उल्हासनगरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचला आणि तिथून टायपिंगला लागला. तिथल्याच कॅम्प चारमधल्या सिंधी लछूशेठच्या छापखान्यात तो डीटीपी करायचा. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि पुण्यानुमोदनाच्या पत्रिका. माणूस गेलं की घरचे लोक फोटो घेऊन येत आणि म्हणत, "मजकूर तूच टाक रे चांगला." चांगला मजकूर ठरलेला होता. प्रेमळ, मनमिळाऊ आणि कष्टाळू. प्रमोदने इतकी प्रेमळ व मनमिळाऊ माणसं टाइप केली की त्याला शंका यायला लागली, मग मोरिवलीत रोज सकाळी नळावर भांडतं ते कोण?

म्हणून तो विचारायला लागला. काका काय करायचे? नाही, कष्टाळू नको, काम सांगा. मग लोक सांगत. कोणी केमिकल कंपनीत ड्रम धुवून हाताची नखं घालवलेली, कोणी छप्पन्न साली वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेलेलं. पत्रिकेत ते मावत नसे. प्रमोद ते घरी लिहून काढू लागला आणि एके दिवशी त्याने ब्लॉग उघडला. नाव ठेवलं 'मोरिवलीची माणसं'. छापखान्यातला फॉन्ट इंटरनेटवर चालत नाही, तिथे सगळं चौकोन चौकोन दिसतं, हे कळल्यावर त्याने सगळे लेख नव्याने टाइप केले. पगार नाही, कोणी सांगितलं नाही, तरी केले. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं काम, जे अर्धवट सोडलं नाही.

पैशाची गोष्ट नंतर आली. पेपरात वाचलं, की ब्लॉगवर जाहिराती लावून लोक घरबसल्या डॉलर कमावतात. प्रमोदने अमेरिकेतल्या एका जाहिरात कंपनीकडे अर्ज केला. त्यांच्या भाषांच्या यादीत फिनिश होती, हंगेरियन होती, मराठी नव्हती. सात-आठ कोटी माणसं बोलतात त्या भाषेला कंपनीच्या दारात उभं राहायला जागा नव्हती. प्रमोदने सगळ्यात वर एक इंग्रजी परिच्छेद चिकटवून कंपनीला चकवलं. जाहिराती आल्या. राजाबाई साळवे, ज्यांनी अठरा वर्षं नवऱ्याचं आजारपण काढलं, त्यांच्या लेखाशेजारी 'एकटे आहात का? आजच भेटा' असं यायचं. गणपत ड्रमवाल्याच्या शेजारी गोव्याचं पंचतारांकित हॉटेल. प्रमोदला तेव्हा ते गमतीचं वाटलं, हे इथे नोंदवलं पाहिजे. राग यायला स्वतःच्या माणसाचं पान लागतं.

कमाई सेंटमध्ये होती. शंभर डॉलर झाल्याशिवाय कंपनी चेक काढत नसे, आणि ज्या वेगाने ते जमत होते त्या वेगाने चेक प्रमोदच्या नातवाच्या बारशाला आला असता.

तेवढ्यात छापखान्यात गंधार केतकर व्हिजिटिंग कार्ड छापायला आला. बदलापूरचा, कात्रपला राहणारा, इंजिनियर, प्रमोदच्याच वयाचा. फरक एवढाच, की प्रमोद काउंटरच्या या बाजूला होता. कार्डावर हुद्दा इतका लांब होता की तीनदा प्रूफ काढावं लागलं. गंधारने प्रमोदच्या स्क्रीनवर ब्लॉग पाहिला आणि खुर्ची ओढून बसला.

"हे तू लिहिलंयस? सगळं ओरिजिनल?"

प्रमोदला वाटलं, आपल्याला वाचक भेटला. "हो. वाचा ना, मोतीबाईंचा नवीन आहे."

"वाचतो नंतर. कधीपासून चालू आहे? दोन वर्षं? कुठून कॉपी नाही? बॉस, तू सोन्यावर बसलायस."

मग त्याने धंदा समजावून सांगितला. इंटरनेटवर एक रोबो फिरत असतो. कुठल्या वेबसाइटकडे किती दुवे बोट दाखवतात ते तो मोजतो. जिच्याकडे जास्त बोटं, ती वर. त्यामुळे परदेशी कंपन्या असे दुवे विकत घेतात. पण बोट सज्जनाचं हवं. जुना, खरा, स्वच्छ मजकूर हवा. "तुझ्यासारखा. तुला काही करायचं नाही. पासवर्ड दे, अधूनमधून एखादा शब्द निळा होईल, बास."

"पण वाचणाऱ्यांना त्रास?"

गंधार हसला. "वाचतं कोण रे? रोबो वाचतो."

हे वाक्य ऐकून प्रमोदने त्याला छापखान्याबाहेर काढायला हवं होतं. त्याने विचारलं, "किती मिळतील?" वर्षाचे आगाऊ मिळाले. त्यातून त्याने एक स्कॅनर घेतला, लोकांच्या घरातले जुने फोटो ब्लॉगवर टाकायला. म्हणजे हेतू चांगला होता. आपल्याकडे हेतू नेहमीच चांगला असतो, रस्त्यात माती खाल्ली जाते. नंतर लग्नसराई आली, पत्रिकांच्या ढिगात प्रमोदला ब्लॉगकडे बघायलाही फुरसत नव्हती. ते थेट समाजमंदिरातल्या चादरीवरच बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्याने गंधारला फोन लावला.

"अरे, सिक्युरिटीसाठी बदलला पासवर्ड," गंधार शांतपणे म्हणाला. "तू चुकून काहीतरी डिलीट केलंस तर क्लायंट मला धरेल ना."

"जुगाराची जाहिरात लावलीस तू. मेलेल्या बाईच्या लेखात."

"शब्द मॅच झाला. जुगार आहे ना लेखात?"

"जुगार बंद केला असं आहे त्यात."

"रोबोला वाक्य कळत नाही, शब्द कळतो. हे बघ, वर्षाचं कमिटमेंट आहे. मार्चनंतर काढू."

"मला आज काढायचंय."

"मग ॲडव्हान्स परत कर, मग बोलू. आणि एवढं सेन्सिटिव्ह काय होतोस? तुमच्याकडे कोण नेटवर बसतं?"

'तुमच्याकडे' हा शब्द प्रमोदच्या कानात राहिला. मोरिवलीकडे, की आणखी कुठे, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर गंधार म्हणाला असता, "छे छे, तसं नाही," आणि खरोखरच त्याला तसं म्हणायचं नसतं. हीच तर पंचाईत.

त्याने सगळं जाऊन नीलिमाला सांगितलं. पासवर्ड, पैसे, स्कॅनर, सगळं. शालन तिथेच बसली होती. ती मुलाला म्हणाली, "मोतीमावशीनं तुला अंगाखांद्यावर खेळवला. शब्द निवडून विकलास, तो पण जुगार?"

"मी नाही निवडला, आई."

"बघितला पण नाहीस. त्याचे तर पैसे घेतलेस."

नीलिमा उठली. ड्यूटीची पर्स उचलली, चप्पल घातली. "पत्ता आहे ना त्याचा? चल."

बदलापूर स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांत तिने वालाच्या शेंगा घेतल्या. भरपूर घेतल्या. प्रमोदला वाटलं, जाता जाता घरचं काम उरकतेय.

केतकरांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर होता. दार गंधारच्या आईने, कुमुदिनीबाईंनी उघडलं. अगत्याने आत बोलावलं, पाणी दिलं. मुलगा आत फोनवर होता तोवर त्या गप्पांना बसल्या. "ब्लॉगचं काम आहे होय? मी पण लिहिते हो. आमच्या अष्टविनायकाच्या, काशीच्या सहली, थोडे पदार्थ. गंधारनंच काढून दिलाय. पुण्याहून बायका वाचून फोन करतात."

"छान," नीलिमा म्हणाली. "त्यात निळे शब्द किती आहेत?"

"निळे?"

गंधार तेवढ्यात बाहेर आला होता. "आईच्या ब्लॉगवर मी लिंक विकत नाही," तो घाईने म्हणाला. "तो पर्सनल आहे."

"आणि माझ्या आईचा?"

गंधार प्रमोदकडे बघून म्हणाला, "ताई, त्यानं स्वतः दिलाय. पैसे घेतलेत. मी फसवलेलं नाही."

"बरोबर आहे. त्यानं घेतले. पण आई माझी आहे, मी त्याला विकायला दिली नव्हती."

"मी समजू शकतो. पण वाचणारं कोणी नाही हो, ताई. खरं सांगतो."

"मी वाचते," नीलिमा म्हणाली.

गंधारने मग कराराचा विषय काढला. क्लायंट माल्टामध्ये आहे, लिंक काढली तर आपलं नाव खराब होईल, मार्चपर्यंत थांबा. तो बोलत असताना नीलिमा सोफ्यावरून उठली, खाली सतरंजीवर मांडी घालून बसली, पिशवी ओतली, आणि वालाच्या शेंगा सोलायला लागली.

"हे काय?" गंधार म्हणाला.

"तुमचं चालू द्या. मला रात्रीची ड्यूटी आहे, तोवर बसते."

प्रमोदने ती बैठक ओळखली. कारण हे त्याने स्वतः टाइप केलं होतं. मटक्याची पेढी मोतीबाईंनी मोर्चा काढून बंद केली नव्हती, पोलिसांनी तर नव्हतीच. त्या कंपनीतल्या ड्रम धुण्याच्या कामावरून सुटल्या की तीन बायका घेऊन पेढीच्या दारात मेथी निवडायला बसत. शिवी नाही, घोषणा नाही. आकडा लावायला आलेल्या माणसाला चार ओळखीच्या बायकांच्या मधून वाट काढत जावं लागे, आणि प्रत्येकीने "काय भावजी, बरंय ना?" असं विचारलेलं ऐकावं लागे. पेढीवाल्याने दमदाटी केली, मग पैसे दाखवले, मग मेथीचा वास सहन होत नाही असं म्हणत तो वांगणीला निघून गेला. गंधारने हा लेख विकत घेतला होता, पण वाचलेला नव्हता. वाचला असता तर त्याने आत्ताच पासवर्ड दिला असता.

दाराची कडी वाजली. गंधारचे वडील, श्यामकांत केतकर, फेरफटका मारून आले. अंबरनाथच्या एका कारखान्यात मोठे अधिकारी. आता निवृत्तीला आलेले. त्यांनी बूट काढले, सतरंजीवरच्या नीलिमाकडे पाहिलं आणि अगदी सौजन्याने म्हणाले, "बाई, आत ओट्यापाशी बसा ना, इथे कचरा होतो. कुमुद, नवीन आल्यात का या?"

कुमुदिनीबाईंचा चेहरा उतरला. "अहो, पाहुण्या आहेत."

"हो का? सॉरी, सॉरी. बसा, बसा." त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. पेपर सकाळचाच होता.

प्रमोदला वाटलं, आता नीलिमाताई उठून काहीतरी ऐकवेल. ऐकवायलाच हवं होतं. तीन वर्षांचं नर्सिंग, वीस वर्षांची नोकरी, या घरातल्या सगळ्यांना मिळून जेवढी इंजेक्शनं लागली असतील त्याच्या हजारपट तिने दिलेली. पण तिने फक्त शेंगांची टरफलं जरा गोळा करून घेतली आणि म्हणाली, "कचरा नाही होऊ देणार, साहेब. मला सवय आहे."

शेंगा संपत नव्हत्या. कुमुदिनीबाई घड्याळाकडे बघत होत्या, कारण त्यांच्या भिशीच्या मैत्रिणी यायच्या होत्या. त्यांनी मुलाला आत बोलावलं. आतून कुजबुज आली. "विचारतील ना त्या, कोण म्हणून. काय सांगू मी?" मग गंधारचं, "आई, तू यात पडू नकोस," मग एक कपाट जरा जोरात लागलं. जिन्यात बायकांचं हसणं ऐकू यायला लागलं तेव्हा गंधार बाहेर आला. तो लाजला होता, पण मोतीबाईंना नाही, भिशीला.

"देतो पासवर्ड. पण उरलेल्या महिन्यांचे पैसे या आठवड्यात हवेत. लेखी दे मला."

"लेखी कशाला? मी ऐकते आहे ना," नीलिमा म्हणाली. "देईल तो."

पासवर्ड ऐकून प्रमोदला क्षणभर कळेना, हसावं की काय करावं. गंधारने मोरिवलीच्या सगळ्या गेलेल्या माणसांना जे कुलूप घातलं होतं, तो शब्द होता 'टाइमपास'.

सायबर कॅफेत प्रमोद त्या दिवशी पाय मोकळे करायलाही उठला नाही. त्याने जुगारावरची निळी रेघ काढली. मग बाकीचे लेख उघडले, आणि तिथे मात्र त्याला खरा राग आला, इतका की शेजारी चॅटिंग करणारा पोरगा खुर्ची सरकवून बसला. विठाबाईंनी आयुष्यात कोणाचं पाच रुपये देणं ठेवलं नव्हतं. त्यांच्या 'कर्ज' या शब्दाखाली झटपट कर्ज देणारी कंपनी होती. राजाबाईंच्या नवऱ्याच्या 'गोळ्या' कुठल्याशा परदेशी दुकानात नेत होत्या, आणि त्या गोळ्या लिव्हरच्या नव्हत्या. कमळाकर मास्तरांनी जातीबाहेर लग्न केलं म्हणून त्यांना भाड्याची खोली मिळत नव्हती. त्यांच्या 'लग्न' या शब्दावर क्लिक केलं की एक विवाहमंडळ उघडायचं आणि पहिलाच प्रश्न विचारायचं : आपली जात निवडा.

कोणी दारात येऊन थुंकलं तर माणूस भांडतो. इथे थुंकी इतकी सफाईने लावली होती, की इतके महिने कोणाला ओली लागली नाही. बोट सज्जनाचं हवं, असं गंधार म्हणाला होता. या माणसांनी जन्मभर ज्या ज्या गोष्टीकडे पाठ फिरवली, नेमकं तिकडेच त्यांचं बोट वळवून ठेवलं होतं, आणि भाडं प्रमोदने खाल्लं होतं.

त्याने ते सगळे शब्द काळे केले. अमेरिकन कंपनीच्या जाहिरातीही काढल्या. जमलेले सेंट कंपनीला लखलाभ. मग प्रत्येक घरी गेला आणि सांगितलं, तुमच्या माणसाच्या लेखात असं असं होतं, माझ्यामुळे. न सांगता चाललं असतं, कोणी पाहिलंच नव्हतं. कमळाकर मास्तरांच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जात कुठली निवडलीस मग?" प्रमोदला खाली बघावं लागलं. तिने पुढे चहा केला, साखर विसरली. मुद्दाम की कसं, हे त्याने विचारलं नाही.

गंधारचे पैसे द्यायला स्कॅनर विकावा लागला. तो लछूशेठनेच घेतला. आधी त्याने यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, काचेवर बोट फिरवलं, आणि घासाघीस अशी केली की जणू समोर कल्याणचा भंगारवाला उभा आहे. "साईं, सेकंड हँड है. डब्बा भी नहीं है." पण शेवटी जी रक्कम काढली ती बाजारापेक्षा जास्तच होती. गंधारचं देणं फिटलं.

तरी नीलिमाकडून निरोप आला नव्हता. पान ठेवायचं की काढायचं? प्रमोद तिच्या घरी गेला.

"पान ठीक केलंस, ते पाहिलं मी," ती म्हणाली. "पण समाजमंदिरात शंभर माणसं होती. त्यांनी ते पान घरी जाऊन कुठे बघायचंय? त्यांच्या डोळ्यात ती बाईच आहे. काल भाजीवाली मला विचारते, तुझ्या आईच्या कार्यक्रमाला सिनेमा लावला होता म्हणे. आईचं नाव काढलं की ते हसू दाबतात रे, पम्या. वर्षभरानं आई आठवावी, तर अशी?"

दुसऱ्या दिवशी छापखान्यात प्रमोदने मोतीबाईंचा लेख मशीनवर घेतला. प्रेमळ, मनमिळाऊ काही नाही. ड्रम, मेथी, पेढी, सगळं होतं तसं. वर फोटो. लछूशेठ मागे येऊन उभा राहिला. मराठी त्याला बोलता येई, वाचायला वेळ लागे. त्याने ओठ हलवत सगळं वाचलं.

"मेथी?" तो म्हणाला.

"मेथी."

"और वो भाग गया?"

"वांगणीला."

"चरियो," लछूशेठ पेढीवाल्याला उद्देशून म्हणाला. त्यांच्यात वेड्याला असं म्हणतात. "छाप. शाई मेरी, मशीन मेरी. कागद का देना पडेगा. कागद मैं भी उधार लाता हूँ." मग थोडं पुढे जाऊन परत आला. "जाड्यावर छाप. पातळ नको. लोक त्यात भजी बांधतात."

जाड्या कागदावर छापलं. नीलिमा आणि प्रमोद दोघांनी मिळून मोरिवलीत घरोघर वाटलं. समाजमंदिरात जे जे होते त्या प्रत्येकाच्या हातात. नीलिमा दारात उभी राहायची, "आईचं आहे, वाचा," म्हणायची, आणि समोरचा पहिली ओळ वाचेपर्यंत हलायची नाही. काहींनी उभ्या उभ्या सगळं वाचलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना प्रमोदने वाचून दाखवलं. भाजीवालीने मेथीपाशी आल्यावर त्याला थांबवलं आणि म्हणाली, "त्यातली एक जुडी माझ्या सासूची होती. लिव्ह ते पण." प्रमोदने तिच्या कागदावर पेनाने लिहून दिलं, आणि संध्याकाळी ब्लॉगवरही घातलं. नीलिमाने ते पान मग काढायला सांगितलं नाही. ठेव असंही म्हणाली नाही.

कागदाचे पैसे मात्र पगारातून थोडे थोडे फिटत आलेत, सगळे फिटलेले नाहीत. जाड कागद महाग असतो. शनिवारी पगार देताना लछूशेठ चष्म्यावरून बघून विचारतो, "साईं, कागद?"

"पुढच्या शनिवारी, शेठ."

"ठीक आहे," असं म्हणून तो पुढची लग्नपत्रिका त्याच्यापुढे सरकवतो.